कारंज्याले थांबजो

रिठदच्या उकंडरावाला कुणी वय विचारलं, की तो नागपूर सांगायचा. "अठरा झाले," म्हणायचा. विचारणारा नवखा असला तर चक्रावून जायचा, कारण समोरचा माणूस पन्नाशी उलटलेला, मिशीत पांढरं, पिंडऱ्यांवर शिरांचं जाळं. मग कुणीतरी समजावून सांगायचं, की छप्पन साली दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून हा आपलं वय मोजतो. त्याच्या आधीची वर्षं धरत नाही.

त्याआधीची वर्षं धरण्यासारखी नव्हतीच म्हणा. वरची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर आजीनं त्याला उकिरड्यावर लोळवला आणि नाव ठेवलं उकंडा. केरकचरा समजून मरणानं ओलांडून जावं, ही त्यामागची अक्कल. पुढे दीक्षेनंतर काहीजण म्हणाले, आता चांगलंसं नाव घे. उकंडराव म्हणाला, "या नावानं मले जगवलं. आता याच नावाले लोक राव लावून राह्यले, हेच चांगलं हाय."

पहिली दोन-तीन वर्षं तो अकोल्याहून आगगाडीनं नागपूरला गेला. मग सायकल आली, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला सायकलनंच. रिठद ते नागपूर दोनशे मैलांना थोडं कमी. तीन दिवस जायला, तीन दिवस यायला. तेव्हा वाशीम हा अकोल्याचा एक तालुका होता आणि डांबराला रस्त्यांची फारशी ओळख नव्हती. कधी पाच, कधी सात जण असत. पण सत्तरच्या पुढे वस्तीतली माणसं ट्रक ठरवून जाऊ लागली. उकंडरावाला ते पटत नसे. "टरकात बसलं का मानसाचं पोतं होते," तो म्हणे. "इथून उचललं, तिथं टाकलं."

चौऱ्याहत्तर साली सायकलवाले तिघेच उरले. त्यात भिवाजीच्या अंगठ्यावर ऐन वेळी बैलानं पाय दिला. राहिले दोघे, उकंडराव आणि जगदेव.

जगदेव चोवीस वर्षांचा. उकंडराव त्याच्या आईचा मानलेला भाऊ, म्हणून मामा. बाप लहानपणीच गेल्यावर मामानंच त्याला दोन वर्षं आर्वीला एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात शिकायला ठेवलं होतं. तिथून हात तयार करून आला आणि रिठदच्या फाट्यावर टपरी टाकून बसला. फाट्यावरच्या लिंबाखाली पंक्चर काढता काढता त्यानं स्वतःची एक सायकल जुळवली. चेनकव्हर काढलं, मडगार्ड काढले, कॅरिअर तर पहिल्याच दिवशी उतरवलं. हँडल खाली वाकवलं. दांडीला पाण्याची बाटली अडकवली. भिवाजी म्हणाला, "नागडीच केली रे बिचारीले."

त्या सायकलवर बसून उकंडरावामागे जायचं म्हणजे जगदेवाला शिक्षाच होती. दोन वर्षं त्यानं ती भोगली होती. उकंडरावाची सायकल म्हणजे बिऱ्हाडच. मागं दुहेरी कॅरिअर, त्यावर दोघांची शिदोरी, घोंगडी, पंप, पुढे हँडलला निळा झेंडा. चाल अशी, की बाजूनं जाणाऱ्या बैलगाडीवाल्याशी त्याच्या गप्पा पुऱ्या होत. आणि गाव आलं की तो उतरणारच. विहिरीवर, आडावर, कुणाच्या ओसरीवर, जिथं पाणी असेल तिथं जायचा, आपल्या हातानं पेला भरायचा, उभ्यानं प्यायचा, दोन शब्द बोलायचा आणि मग पुढे. तहान असो नसो.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी, पहाटेच दोघं निघाले. गोजराबाईनं, म्हणजे मामीनं, दशम्या आणि तिळाची चटणी दोन फडक्यांत वेगवेगळी बांधून दिली, कारण जगदेवाला तिखट जास्त लागायचं. "संगं राहजा रे दोघं," ती म्हणाली. जगदेव "हो" म्हणाला.

मंगरूळपीर यायच्या आधी उकंडराव सहाव्यांदा उतरला, तेव्हा जगदेवाचा तोल सुटला.

"मामा, पानी माह्या बाटलीत हाय ना. किती डाव उतरता?"

"बाटलीतलं पानी तुहं हाय," उकंडराव पेला भरता भरता म्हणाला. "हे या गावाचं हाय. माह्या बापानं या आडावर ओंजळ करून पानी पेलं, वरून कोनी ओतलं तं. मी गिलासानं पेतो. म्हून उतरतो."

जगदेवाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सगळी वस्ती असल्या आठवणींवरच वाढली होती. पण चोवीस वर्षांच्या पायांना आठवणी लागत नाहीत, त्यांना रस्ता लागतो. मंगरूळपीर ओलांडल्यावर समोर लांबच लांब सडक दिसली. दोन्ही अंगांनी कणसावर आलेली ज्वारी, आणि रस्ता अगदी मोकळा. जगदेव मागे घुटमळत होता, ब्रेक दाबत होता. उकंडरावानं मान न वळवताच ते ओळखलं.

"जाय बापा," तो म्हणाला. "तुह्या सायकलचा जीव जाऊन राह्यला. जाय पुढं. कारंज्याले थांबजो."

"थांबतो."

"तिथून संगं जाऊ. म्या मामीले सांगतलं हाय."

"हाव मामा," असं म्हणेपर्यंत जगदेव पन्नास पावलं पुढे गेलाही होता.

आणि मग काय सांगावं. तो तास जगदेव आयुष्यभर विसरला नाही. एकटं जाण्यात काही मजा नव्हती, असं खोटं त्यानं कधी सांगितलं नाही. मजा होती, भरपूर होती. चेन तेलात भिजल्यासारखी फिरत होती, कानात वारा होता, कापसाची पहिली बोंडं फुटून शेतं टिपूर दिसत होती, आणि पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. कुठं उतरायचं हे फक्त आपण ठरवायचं, आणि आपण ठरवलं होतं की उतरायचंच नाही. तो गाणं म्हणाला, मोठ्यानं, बेसूर. आपल्याला कुणी थांबवणारं नाही, या एका गोष्टीनं माणूस किती हलका होतो हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुपारी एकच्या सुमारास कारंजा लागलं.

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं. नागपूरच्या त्या वाटेवर कारंजे दोन आहेत. एक आपलं, लाडाचं कारंजा, मंगरूळपीरच्या पुढचं. दुसरं पार अमरावती ओलांडून, तळेगावच्या पुढे, घाडग्याचं. रिठदच्या माणसानं नुसतं कारंजा म्हटलं, तर ते लाडाचंच. आर्वीकडे मात्र नुसतं कारंजा म्हटलं की घाडग्याचं. जगदेव रिठदचा होता, पण दोन वर्षं आर्वीत राहिला होता.

बसस्टँडसमोर मदनसिंगाचं हॉटेल होतं. दरसाल रात्रीचा मुक्काम तिथल्याच पडवीत असायचा. जगदेवानं हॉटेलापुढे सायकल हळू केली, एक पाय जमिनीला टेकवला. मनात पाल चुकचुकली, मामानं म्हटलं ते हेच कारंजा तर नव्हे? मदनसिंगानं आतून विचारलं, "च्या?" जगदेवानं घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता. अख्खा दिवस पुढे पडला होता आणि पायांत अजून दम होता. एवढ्या लवकर कुणी थांबायला सांगेल का? मामा आर्वीत राहिलेल्या माणसाशी बोलत होता, म्हणजे त्याला घाडग्याचंच कारंजा म्हणायचं असणार. मनाला जे हवं असतं ते कानांना बरोबर ऐकू येतं. जगदेवानं मदनसिंगाला नको म्हणून मान हलवली आणि पायडल मारलं.

रात्री तो अमरावतीला एका ओळखीच्याकडे झोपला. दुसऱ्या दिवशी मात्र वारा समोरून सुटला. असा, की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागे. शिदोरी मामाच्या कॅरिअरवर राहिली होती, तेव्हा हॉटेलातली शिळी भजी खाल्ली. वाटेत एका बाईच्या डोक्यावरच्या टोपल्यात कोंबडा आरवत होता आणि ती त्याला शिव्या देत होती. जगदेवाला हसू आलं आणि त्यानं मागे वळून म्हटलं, "मामा, ते पाहा." मागे कुणी नव्हतं. ते हसू मग तसंच ओठांवर वाळून गेलं.

घाडग्याच्या कारंज्याला तो दुपारी पोचला आणि संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी थांबला. संध्याकाळ झाली. रात्र तिथंच काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूरकडे जाणारे ट्रक सुरू झाले, निळे झेंडे, माणसांनी भरलेले. मामा नाही. अकरा वाजले, बारा वाजले. जगदेवानं स्वतःला समजावलं, की म्हातारा कुणाच्या तरी ट्रकात चढून पुढे गेला असेल. हे समजावणं काही खरं नव्हतं. ट्रकात बसलं की पोतं होतं, हे मामाचंच वाक्य त्याच्या कानात होतं. तरी तो निघाला.

नागपुरात लाखो माणसं. जगदेव दीक्षाभूमीवर तंबू-तंबू हिंडला. रिठदचे ट्रकवाले भेटले, त्यांनाही उकंडराव दिसला नव्हता. दसऱ्याच्या सकाळी पांढऱ्या कपड्यांच्या त्या समुद्रात वंदना सुरू झाली. सगळे एका आवाजात म्हणत होते, आणि जगदेवाचे ओठ नुसते हलत होते. दोन वर्षं याच जागी मामा त्याच्या डावीकडे उभा असायचा आणि डोळे मिटून सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे म्हणायचा. आज डावीकडे भलताच कुणी होता. एकोणिसावं नागपूर मामाचं चुकलं, आणि ते आपण चुकवलं, हे जगदेवाला त्या गर्दीत उभ्या उभ्या कळलं. त्याला रडू आलं. लोकांना वाटलं, भक्तीनं रडतो.

परतीच्या वाटेवर त्यानं गाणं म्हटलं नाही. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी तो लाडाच्या कारंज्यात, मदनसिंगाच्या हॉटेलापुढे उतरला. मदनसिंगानं त्याला पाहिलं आणि ओळखलं.

"तुमीच ना ते? त्या दिवशी च्या न घेता गेलेले?"

"हाव."

"बसा," मदनसिंग म्हणाला. चहा ठेवला आणि समोर बाकावर बसून सांगू लागला. "तुमी गेले अन् तीन-चार घंट्यानं उकंडराव आले. पुसलं, माहा पोट्टा दिसला का. म्या सांगतलं, दिसला, पाय बी टेकवला, पन गेला अमरावतीच्या रस्त्यानं. 'असं का,' म्हने, अन् बसले तुमी बसले तिथंच."

"मंग?"

"मंग बसलेच. दुसऱ्या दिवशी बी. मी म्हटलं, आता निघा, नाई तं दसरा हुकन. हालले नाईत. तिसऱ्या दिवशी टरक आले, जागा बी होती, म्या सोता सायकल चढवाले हात लावला. म्हने, 'राहू द्या मदनसिंग. पोट्ट्याले कारंज्याले थांबजो म्हटलं हाय. तो वापस आला अन् मीच नसलो, तं?' कोनी पुसलं, कवाचे बसले बाबा, का म्हनत, 'आत्ताच आलो.' तीन दिवस आत्ताच आलो."

जगदेवानं कप खाली ठेवला.

"दुसऱ्या शिदोरीले हात नाई लावला," मदनसिंग पुढे म्हणाला. "वास आला तवा गाईले घातली. दसऱ्याच्या सकाळी इथं पुढं झाडलं, पानी मारलं, झेंडा लावला अन् एकटेच वंदना म्हनत राह्यले. मले त्यातलं काई येत नाई. मी नुसता हात जोडून उभा राह्यलो. मंग गेले रिठदले."

रिठदला पोचेपर्यंत दिवस कलला होता. उकंडराव अंगणात खाटेची सुतळी ओढत बसला होता. गोजराबाईनं जगदेवाला पाहिलं आणि आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली. जगदेव उभाच राहिला. बोलायचं काय ते त्यानं मंगरूळपीरपासून घोकलं होतं, पण उकंडरावच आधी बोलला.

"आला का? अरे, कारंजे दोन हायेत हे माह्या ध्यानातच नाई राह्यलं, पाय. तू आर्वीत राह्यलेला मानूस, तुहं कारंजा घाडग्याचं. कोनतं ते म्या सांगाले पाहिजे होतं. चूक माही झाली."

म्हणजे मामानं दार उघडून ठेवलं होतं. नुसतं आत जायचं होतं. हो मामा, असंच झालं, एवढं म्हटलं की गावभर गंमत झाली असती, भिवाजीनं दहा वर्षं सांगितली असती, आणि कुणाला काही लागलं नसतं. जगदेवानं पाणी पिऊन टाकलं. पेला हातात धरून म्हणाला, "मामा, मले माहीत होतं. लाडाच्या कारंज्याले म्या पाय टेकवला होता. तुमी हेच म्हटलं हे समजलं होतं मले. तरी गेलो."

उकंडरावाचा सुतळीवरचा हात थांबला.

"मले बी माहीत होतं," तो म्हणाला. "मदनसिंगानं पहिल्याच दिवशी सांगतलं."

"मंग बसले काहून तीन दिवस? तुमचं नागपूर…"

"राग आला होता. लय आला. शिव्या देत बसलो होतो तुले."

"अजून देऊन राह्यले," गोजराबाई म्हणाली.

"हाव, अजून देतो." उकंडरावानं सुतळी पुन्हा ओढली. "पन नागपूर कुठं जाते? ते तिथंच हाय. मानसाचं मन कुठून वापस फिरन, त्याचा काई भरोसा हाय का? बडनेऱ्याहून फिरलं असतं, अमरावतीहून फिरलं असतं. तू रातचा कारंज्याले आला असता, अन् तिथं कोनीच नसतं तं? तुले थांबजो म्हटलं. मंग मले बी थांबनं आलं का नाई?"

जगदेव खाली बसला आणि सुतळीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून खाट पुरी विणली. जेवायला गोजराबाईनं वाढलं. चटणी जगदेवाला लागते तशी तिखट होती.

त्या वर्षापासून कुणी वय विचारलं, की उकंडराव म्हणू लागला, "अठरा नागपूर, एक कारंजा." लोक हसत. जगदेव हसत नसे.

पुढच्या दसऱ्याला भिवाजीचा अंगठा बरा होता. तिघे निघाले. जगदेव मागे राहिला, मुकाट्यानं. गाव आलं की तोही उतरे, पेला भरे, उभ्यानं पिई. प्रत्येक गावाच्या पाण्याची चव वेगळी असते, हे त्याला त्या साली कळलं. कुठं मचूळ, कुठं गोड, एका ठिकाणी लोखंडाची. मंगरूळपीर ओलांडलं, तीच लांब सडक पुन्हा आली, आणि पुढे उकंडरावानं मान न वळवता म्हटलं, "जाय बापा."

"नाई मामा. संगंच येतो."

"अबे जाय. तुह्या सायकलचा जीव मले ऐकू येते. भिवाजी हाय माह्या संगं."

जगदेवानं थोडा वेळ पायडल मारलं नाही. मग विचारलं, "कोनत्या कारंज्याले थांबू?"

भिवाजी एवढा हसला, की त्याची सायकल ज्वारीत शिरली. उकंडराव म्हणाला, "मी ज्यात येईन, त्या कारंज्याले."

मग जगदेव सुटला. तोच वारा, तीच फुटलेली बोंडं, तेच बेसूर गाणं. हलकेपणा तोच होता, थोडाही कमी नव्हता. उलट या खेपेला पुढे जाऊन थांबायची एक जागा होती, त्यामुळे तो आणखी जोरानं गेला. एक वाजता तो मदनसिंगाच्या हॉटेलापुढे उतरला, सायकल भिंतीला टेकवली आणि त्याच बाकावर, त्याच जागी बसला.

दोन वाजले. तीन वाजले. मंगरूळपीरच्या रस्त्यावर एसटी आली आणि गेली. चहा घेतला, पुन्हा घेतला. रस्त्याच्या टोकाला सायकल दिसली की तो उठे. ती कुणा दुधवाल्याची निघे आणि तो बसे. चार तासांत त्यानं त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा पाठ केला. पंक्चर झालं असेल का, उन्हानं चक्कर आली असेल का, असलं काहीबाही मनात येत होतं, आणि पाचच्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं, की हे तर फक्त चार तास आहेत. मामा तीन दिवस याच बाकावर होता, आणि येणारा येणार नाही हे ठाऊक असून होता.

पाच वाजून गेल्यावर रस्त्यावर दोन सायकली दिसल्या. एकीच्या हँडलला निळा झेंडा होता. जगदेव उभा राहिला आणि उगाचच शर्ट झटकला.

उकंडराव उतरला, पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "लय वेळ झाला का रे तुले?"

"नाई मामा," जगदेव म्हणाला. "आत्ताच आलो."

मदनसिंग बाहेर आला आणि बाकावरचे पाच रिकामे कप मुकाट्यानं उचलून आत घेऊन गेला.